गावपळणीतले गंधर्व

कोकणात भांडणे मिटत नाहीत, ती वारसाहक्काने मिळतात. फणसाचे झाड, सामाईक पडवी, विहिरीची वाट ही त्यांतली नेहमीची खाती. आचऱ्याच्या आमच्या घरात याशिवाय आणखी एक खाते होते आणि त्याची नोंद कुठल्याही उताऱ्यावर नव्हती. 'स्वयंवर' नाटकातली पदे कोणाच्या तबकडीवर ऐकावीत, हा तो दावा. वादी आमचे थोरले काका, म्हणजे आबा. प्रतिवादी धाकटे, भाऊकाका. फणसाचा दावा कोर्टात होता, त्यामुळे त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. तबकड्यांचा दावा घरातच होता, त्यामुळे दुसऱ्या कशाबद्दल कोणी बोलत नसे.

आता 'स्वयंवर' म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगणे म्हणजे मालवणी माणसाला बांगडा म्हणजे काय ते सांगण्यासारखे आहे. तरी दाव्याचे कागद पुरे असावेत म्हणून सांगतो. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, साल १९१६, कंपनी गंधर्व नाटक मंडळी, रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि चाली भास्करबुवा बखल्यांच्या. या बुवांनी आग्रा, ग्वाल्हेर आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतली होती. एका घराण्यात जन्मून त्याच घराण्याशी पटत नाही अशी आमची स्थिती, आणि हा गृहस्थ तीन घराण्यांत सुखाने नांदला! त्याने यमन, बिहाग, भीमपलास, भूप असे खानदानी राग घेतले आणि ते थेट रुक्मिणीच्या तोंडी दिले. त्या दिवसापासून मराठी मध्यमवर्ग आपल्याला शास्त्रीय संगीत कळते असे समजू लागला. हा समज अजून टिकून आहे.

पण खरी गोम पुढेच आहे. भास्करबुवा १९२२ साली गेले, आणि मागे स्वतःच्या आवाजाची एकही तबकडी ठेवून गेले नाहीत. ज्याने चाली बांधल्या त्याचाच आवाज नाही! घराचा मूळ मालक निघून जावा, मृत्युपत्र सापडू नये, आणि मग शिष्य, नातशिष्य, शेजारी, भाडेकरू सगळ्यांनी 'बुवांच्या मनात असेच होते' म्हणून हक्क सांगावा, तसा हा प्रकार. कोकणी माणसाला यापेक्षा आवडीचा दावा कुठला मिळणार?

आबांचे म्हणणे सरळ होते. ज्याला बुवांनी समोर बसवून शिकवले तो बालगंधर्व. तेव्हा त्याच्या तबकड्या खऱ्या, बाकीच्या नकला. आबांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक चावीचा ग्रामोफोन आणला होता आणि त्याबरोबर ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या. एकेक तबकडी परातीएवढी जड आणि पापडाएवढी नाजूक. ती वाजू लागली की आधी पावसाळा सुरू होई, म्हणजे नुसती खरखर, आणि मग त्या पावसातून कोणीतरी छत्री मिटून घरात यावे तसा बालगंधर्वांचा आवाज येई. साडेतीन मिनिटांत तो परत निघून जाई. मग आबा चावी भरत, सुई बदलत, आणि आम्हा पोरांकडे 'ऐकलात?' अशा नजरेने बघत. आम्ही पाऊसच ऐकलेला असे, पण मान डोलवत असू.

भाऊकाकांची बाजू अधिक शिकलेली होती, कारण ते मुंबईला नोकरी करून पेन्शन घेऊन आले होते. येताना त्यांनी बॅटरीच्या सहा सेलांवर चालणारा रेकॉर्डप्लेअर आणि कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही मोठी तबकडी आणली. कुमारांना १९४८ च्या सुमारास क्षयाने गाठले, काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि पुन्हा गाऊ लागले ते एका फुप्फुसाच्या बळावर. छोट्या छोट्या फेकी, मध्येच शांतता, आणि त्या शांततेत सुरांची आस. भाऊकाका म्हणत, की बालगंधर्वांनी साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जे कोंबले, ते कुमारांनी पुन्हा उलगडून बघितले. रंगभूमीवर एकेक पद 'वन्समोअर' घेत घेत अर्धा अर्धा तास चाले. तबकडीवर आले ते त्याचे लोणचे. आंब्याची परीक्षा लोणच्यावरून करू नये!

हा युक्तिवाद दोघे भाऊ एकमेकांशी समोरासमोर करत नसत. समोरासमोर बोलणे फणसापासून बंद होते. मधल्या पडवीला चटयांचे कूड घालून दोन भाग केलेले. आबा कुडाच्या अलीकडून मला सांगत, "जा, तुज्या काकाक सांग, त्येच्या कुमाराक एकच फुप्फुस. पद पुरा करूक श्वास खंय?" कुडापलीकडे हे अर्थात ऐकू जाई. तरी मी उठून, अंगणातून वळसा घालून, भाऊकाकांकडे जाऊन तेच शब्द पुन्हा सांगत असे, कारण रीत ती रीत. भाऊकाका शांतपणे म्हणत, "आणि त्येच्या नारायणरावांक साडेतीन मिन्टां. त्येंका वेळ खंय?" मी पुन्हा वळसा घालून परत. माझ्या संगीतशिक्षणातली निम्मी वाटचाल ही अशी अक्षरशः पायांनी झालेली आहे.

एकदा आबांनी कळीचा मुद्दा काढला. "त्येका विचार, 'उमजलेले' म्हंजे काय? आमका थेट ऐकूक गावतत, मगे ह्येका उमजान घेवची गरज काय?" त्यावर भाऊकाका बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आबांक सांग, थेट ऐकलेला उमाजता असा जर असता, तर आमचो फणसाचो दावो कधीच मिटलो असतो."

अशी परिस्थिती असताना गावपळण आली.

आचऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. आमच्या गावची देवता श्री देव रामेश्वर. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेतात, दिवस ठरतो आणि त्या दिवशी अख्खे गाव गाव सोडून जाते. सगळ्या वाड्या, सगळ्या जातिधर्मांची माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे, सगळे वेशीबाहेर. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही. लोक शेजारच्या गावांच्या हद्दीत, माळावर, खाडीकाठी चुडतांच्या झापांच्या राहुट्या बांधून राहतात. भजने, फुगड्या, पत्ते, गप्पा चालतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, आणि देवाने 'या' म्हटले की परत यायचे. कोणी म्हणतात तीन दिवस गाव भुताखेतांना मोकळे सोडायचे असते. कोणी शिकलेले लोक म्हणतात हवा शुद्ध होते. मी दोन्हीकडे मान डोलवतो, सवयीने.

गावाला सुट्टी मिळाली तरी चाकरमान्याला ती मागावी लागते. मी तेव्हा मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. सत्तरीच्या दशकाचा मध्य. साहेब पारशी, स्वभावाने लोणी, आवाजाने वरवंटा. मी अर्ज दिला : 'आमचे संपूर्ण गाव तीन दिवसांसाठी रिकामे करावयाचे असल्याने...' साहेबांनी चष्मा काढला. "क्या हुआ? पूर आया? प्लेग आया? पाकिस्तान आया?"

"नाही साहेब, देवाची आज्ञा आली."

मी सगळे सांगितले. घर सोडायचे, बरोबर नेता येईल तेवढेच न्यायचे, तीन रात्री बाहेर. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "अरे, आ तो डेझर्ट आयलंड डिस्क्स!"

मग त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि सांगितले. लंडनच्या बीबीसी रेडिओवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालू आहे. पाहुण्याला विचारतात, तुला निर्जन बेटावर एकट्याला सोडले आणि आठच तबकड्या नेता आल्या, तर कुठल्या नेशील? मोठमोठे लोक येतात, विचार करकरून आठ नावे सांगतात आणि मग टॅक्सी करून आपापल्या घरी जातात. "कोई जाता नहीं! तुम्हारा गाँव तो सचमुच जाता है!" साहेब म्हणाले. आचऱ्याबद्दल मुंबईत इतका आदर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. रजा मंजूर झाली, एका अटीवर : कुठल्या तबकड्या नेल्या ते परत येऊन सांगायचे.

साहेबांचे दुखणे मला त्या दिवशी कळले. त्यांचा देव बेटोव्हन. या देवाच्या नऊ सिंफन्या. पैकी नववी १८२४ साली व्हिएन्नात झाली तेव्हा तो ठार बहिरा होता, आणि टाळ्या चालू आहेत हे समजावे म्हणून कोणीतरी त्याला धरून लोकांकडे वळवावे लागले, असे सांगतात. आपलेच गाणे त्याने ऐकले नाही. आता त्या नवव्या सिंफनीच्या तबकड्यांवर साहेबांच्या घरात दोन तट. साहेब टोस्कानिनीचे : जे कागदावर लिहिले आहे ते आणि तेवढेच, चाबूक मारल्यासारखे, पासष्ट-एक मिनिटांत काम फत्ते. त्यांचे थोरले बंधू फुर्टवेंगलरचे. त्याने १९५१ साली बायरॉइटला तीच सिंफनी वाजवली ती सव्वा तासाच्या आसपास. सूर तेच, कागद तोच, आणि दहा मिनिटे जास्त. ती दहा मिनिटे कुठून आली, यावर दोघा पारशी भावांत बोलणे बंद! साहेबांच्या पत्नीने शेवटी काराजानचा १९६३ सालचा नऊही सिंफन्यांचा संच आणून मध्ये ठेवला, समेटाचा उमेदवार म्हणून. त्यावर मात्र दोघा भावांचे तत्काळ एकमत झाले : हा नको.

मला फार बरे वाटले. बेटोव्हनने निदान कागद ठेवला होता, त्यावर लय किती जलद हे यंत्राच्या आकड्यांनीही लिहून ठेवले होते. तरी ही गत. आमच्या भास्करबुवांनी तर आकडाही ठेवला नाही. म्हणजे आबा आणि भाऊकाका त्यामानाने समंजसच म्हणायचे.

गावी पोचलो तेव्हा बांधाबांध चालू होती. गाडी एकच मिळाली होती. भात, डाळ, सुकी मासळी, अंथरुणे, भांडी, कोंबड्यांचे खुराडे आणि आजी एवढे भरल्यावर गाडीत एका पेटीपुरती जागा उरली. ग्रामोफोन नेला तर रेकॉर्डप्लेअर नाही, रेकॉर्डप्लेअर नेला तर ग्रामोफोन नाही. दोन्ही बाजूंचे निरोप घेऊन मी त्या दिवशी अंगणाला जे वळसे घातले, तेवढ्यात मालवण गाठले असते. शेवटी आबांनी निरोप पाठवला, की देवाचा कौल घ्यावा. एक मानकरी गृहस्थ आमच्या अंगणात कशासाठीसे आले होते, ते हात जोडून म्हणाले, "आबानु, रामेश्वर तीन दिवसांची रजा देता. रेकॉर्डींचो निकाल देणां नाय. त्येका लळीत, दशावतार सगळां चलता."

तोडगा काढला मोठ्या काकीने. तिने खुराडे डोक्यावर घेतले आणि म्हणाली, "घाला मेल्यानु दोनय पेटये." अशा रीतीने दोन्ही गंधर्व एका बैलगाडीत, गवताच्या पेंढ्यांत आणि आजीच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून, चिंदरच्या बाजूला रवाना झाले. आजूबाजूला सगळ्या वाड्यांची कुत्री भुंकत चालली होती. न भुंकता चाललेला कुत्रा एकच, ग्रामोफोनच्या झाकणावरचा.

राहुट्या दोन बांधल्या, मध्ये कूड. सवय मोठी वाईट. पहिल्या रात्री दोन्हीकडून एकदमच संगीत सुरू झाले. एकीकडे पावसातले बालगंधर्व, दुसरीकडे शांततेतले कुमार, आणि पलीकडच्या माळावर डबलबारीचे भजन. बैलांनी रवंथ थांबवला. दुसऱ्या रात्री आबांनी आवाज वाढावा म्हणून चावी नेहमीपेक्षा चार वळसे जास्त भरली, आणि आतली स्प्रिंग बंदुकीसारखी उडाली. कुडापलीकडून काही निरोप आला नाही, पण आला नाही म्हणजे काय ते आबांना समजले. भाऊकाका मंदपणे हसत रेकॉर्डप्लेअरपाशी गेले, बटण दाबले, आणि तबकडी जागची हलेना. झाकण उघडून बघतात तर सेलांच्या जागी रिकामी डबी! संध्याकाळी धाकट्या काकीचा कोंबडा सुटून करवंदीच्या जाळीत गेला होता. अंधारात शोधायला दोन बॅटऱ्या लागल्या, त्यांना सेल लागले, आणि सेल त्या घरात एकाच ठिकाणी होते. तासभर शोधात ते संपले. कोंबडा सापडला. कुमार गेले.

ती तिसरी रात्र मला अजून दिसते. मार्गशीर्षातली थंडी, शेकोटी विझत आलेली. दूर आचऱ्याच्या बाजूला एकही दिवा नाही. ज्या गावात आपण जन्मलो ते गाव असे काळेकुट्ट, आवाज नसलेले बघणे फार विचित्र असते. आपण नसलो तर गाव कसे दिसेल, याची ती रंगीत तालीमच. कोणाला झोप येईना. शेवटी आबा अंधारातच माझ्या दिशेने म्हणाले, "तुज्या काकाक सांग, नारायणराव 'नाथ हा माझा' कसा उचलत ता आता त्येणा ऐकाचा. यंत्र नाय तर नाय." आणि मी उठून वळसा घालायच्या आत ते गायला लागले.

आबा गातात हे मला माहीत नव्हते. यमन होता. जरा कापरा, पण सच्चा. धृपद झाले, आणि कुडापलीकडून भाऊकाका म्हणाले, "असा नाय. कुमार हयसर थांबले असते." आणि तेही गायला लागले, थांबत थांबत. मग आबांनी 'नाय, असा' म्हणून तीच ओळ पुन्हा घेतली. मग भाऊकाकांनी. मध्ये मी नव्हतो. चाळीस वर्षांचे वाचलेले शब्द दोघे खर्च करत होते, आणि ते सगळे 'असा' आणि 'असा नाय' एवढेच होते. अंतऱ्यात एक जागा आली. तिथे आबांना शब्द आठवला नाही. त्यांनी एक लांबलचक आकार घेतला, जिना उतरताना पायरी चुकावी आणि माणसाने ती मुद्दामच चुकवली असे दाखवावे तसा, आणि समेवर येऊन उभे राहिले. भाऊकाकांनी तीच जागा 'कुमारांसारखी' करून दाखवायला घेतली, आणि त्यांनीही नेमका तोच आकार घेतला. तीच पायरी, तसेच उतरणे. हा आकार बालगंधर्वांच्या तबकडीत नाही. कुमारांच्या गाण्यात नाही. भास्करबुवांनी तो ऐकला असता तर तंबोरा खाली ठेवला असता.

दोघेही थबकले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या गोधडीतून आजीचा आवाज आला. आजीच्या कानांनी कित्येक वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता. शेजारी कोणी ओरडले तरी ती 'ऊन पडला काय?' म्हणून विचारी. ती उठून बसली होती. म्हणाली,

"ह्ये कधी इले?"

'ह्ये' म्हणजे आमचे आजोबा. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

मोठ्या काकीने किंकाळी फोडली आणि हाताला लागतील तेवढी पोरे पोटाशी धरली. ज्यांच्यासाठी गाव रिकामे करून दिले त्यांतलेच एक वेस ओलांडून चौकशीला आले, असा तिचा समज झाला. पण आबा आणि भाऊकाका हलले नाहीत. आजोबा मुंबईत एका कापडाच्या पेढीवर होते. त्यांनी 'स्वयंवर' पिटातल्या तिकिटावर सात वेळा बघितले, दर खेपेला एकदोन ओळी पाठ करून आणल्या, आणि आगबोटीने गावी येताना त्या घोकल्या. पेढी सकाळी सातला उघडायची असल्यामुळे नाटकाच्या पुढच्या अंकांत त्यांना डुलकी लागे, आणि मग जो शब्द डुलकीत गेला तिथे ते आकार भरत. घरात ग्रामोफोन नव्हता. पोरांना झोपवताना, माडाला पाणी लावताना, तापात, तेच पद, तोच आकार. आबांनी आणि भाऊकाकांनी 'स्वयंवर' पहिल्यांदा ऐकले ते तिथे. पुढे आयुष्यभर एकाने बालगंधर्वांचा आणि दुसऱ्याने कुमारांचा वकील म्हणून काम पाहिले, पण अशील दोघांचा एकच होता.

बराच वेळाने भाऊकाका म्हणाले, "आये, झोप. आमी गाय होतंव." आजीला ते ऐकू गेले नाही. ती म्हणाली, "थांबलात कित्याक?" मग दोघांनी ते पद पुन्हा सुरुवातीपासून म्हटले, एकत्र, आणि त्या जागेला दोघेही त्या पायरीवरून एकदम घसरले.

चौथ्या दिवशी कौल झाला, आम्ही परतलो. वाचक आता अपेक्षा करत असतील की पडवीतले कूड निघाले, फणसाचा दावा मागे घेतला गेला, आणि दोघे भाऊ एका पाटावर जेवले. कोकणी माणसाबद्दल असे गैरसमज पसरवणे मला पसंत नाही. दावा आणखी अकरा वर्षे चालला आणि निकालाच्या आदल्या पावसाळ्यात फणस स्वतःच उन्मळून पडला. फरक पडला तो इतकाच : निरोप बंद झाले. आबा कुडातून थेट म्हणू लागले, "भाऊ, तुजो तो उमजलेलो लाव जरा." आणि मी बेकार झालो.

मुंबईला येऊन साहेबांना यादी दिली : 'नेल्या चौदा, वाजल्या सहा, ऐकली एक, तीही तबकडीवर नव्हती.' साहेबांनी सगळे ऐकून घेतले, बराच वेळ खिडकीबाहेर बघितले आणि म्हणाले, "अमारा बावाजी पियानो बजावता. बहोत खराब." दुसऱ्या दिवशी ते थोरल्या भावाकडे जेवायला गेले, असे शिपायाने सांगितले. जेवणात सिंफनी होती की नाही ते कळले नाही.

आता काळ बदलला. गावपळण अजून होते, पण गाडीत पेटीला जागा आहे की नाही हा प्रश्न उरला नाही. माझ्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये एकाच पदाचे वीस-पंचवीस गायक असतात. तो मला विचारतो, "काका, यातले बेस्ट कुठले?" मी आता तज्ज्ञ समजला जातो, कारण भांडणारे दोघे राहिले नाहीत. तेव्हा जे त्याला सांगतो तेच तुम्हालाही सांगून टाकतो.

ज्याने 'स्वयंवर' कधीच ऐकले नाही त्याने एकदम बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीपासून सुरुवात करू नये. पावसात भिजून जाल आणि घर सापडणार नाही. आधी जयमाला शिलेदारांचे ऐकावे. त्या बालगंधर्वांच्याच वाटेने जातात, पण वाटेत कंदील लावून ठेवतात. किंवा २०११ सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटासाठी आनंद भाटे जे गायले आहेत ते ऐकावे. आमच्या पुतण्याची पिढी त्याच दाराने आत आली आणि दार चांगले आहे. चाल ओठांवर बसली की मग खुद्द बालगंधर्व. आता खरखर ऐकू येत नाही, कारण कुठे काय येणार हे तुम्हाला ठाऊक असते आणि तरीही ते तसे येत नाही. तो सूर लागताना शब्दाच्या आधी लडिवाळपणे जरा मागे रेंगाळतो, ते रेंगाळणे मोजायला बेटोव्हनचे यंत्रही चालणार नाही. आणि चाल इतकी पाठ झाली की ऐकायची गरजच उरली नाही असे वाटू लागले, की त्या दिवशी कुमार लावावे. तेव्हा समजते, की पाठ झाले होते, उमजले नव्हते. या क्रमाला आबांची हरकत असती. भाऊकाकांचीही असती. म्हणजे तो बहुधा बरोबर असावा.

पुतण्याला हे सगळे पटते. फक्त परवा पडवीत तो गुणगुणत होता तेव्हा माझ्या कानावर एक आकार आला, पायरी चुकलेला. मी विचारले, "हे कुणाचे ऐकलेस?" तो म्हणाला, "कुणाचे नाही, असेच आहे ना ते?" मी म्हटले, असेच आहे.

पुढच्या गावपळणीला त्याने सगळ्या तबकड्या खिशातून न्याव्यात, हरकत नाही. मात्र मोबाइल पुरता चार्ज करून घ्यावा. हल्ली बॅटरीही त्याच मोबाइलमध्ये असते, आणि कोंबडे अजून हरवतात.